वाचक विचारतात : मुरूड, जंजिरा अन् फणसाडचं रान

सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला, आता घराघरात नाताळच्या सुट्टीत कुठं जायचं ह्याची चर्चा चालू झालीय, आणि यावेळी आलेल्या प्रश्नांतले निम्म्याहून जास्त एकाच गावाचे निघाले, रायगड जिल्ह्यातलं मुरूड. त्यामुळं ह्या खेपेचं सगळं सदर त्यालाच दिलंय. काही उत्तरं लांबलीत, पण जिथं लेकरंबाळं, म्हातारी माणसं घेऊन एवढं लांब जायचं तिथं थोडं जास्त वाचलेलं बरं.

आम्ही परभणीचे. मी, मिस्टर, दोन लेकरं आणि सासूबाई, त्या ७६ वर्षांच्या. समुद्र आमच्यापैकी कुणीच पाहिला नाही. यूट्यूबवर सांगतात की एका दिवसात अलिबाग, काशिद, जंजिरा सगळं होतं. खरंच होतं का? आणि गाडी करून जावं का रेल्वेनं?

ताई, होतं, पण तसं करू नका. सकाळी अलिबाग, दुपारी काशिद, चारला राजपुरीच्या जेट्टीवर पळत पळत होडी पकडायची आणि अंधारात परत, ह्यात समुद्र फक्त गाडीच्या काचेतून दिसतो आणि सासूबाईंचे तर पाय सुजून जातील. मुरूडातच कमीत कमी दोन मुक्काम करा. तिथल्या नारळ-सुपारीच्या वाड्यांमधे घरगुती खोल्या मिळतात, अंगण असतं, लेकरांना मोकळं खेळता येतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ ह्याच पट्ट्यात धडकलं होतं आणि ह्या वाड्यांमधली कित्येक झाडं आडवी झाली होती. सुपारीचं झाड लावलं की उत्पन्नाला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, हे आपल्या मोसंबीवाल्यांना वेगळं सांगायला नको, म्हणून मला मनापासून वाटतं की मुक्कामाचा पैसा हायवेवरच्या मोठ्या रिसॉर्टला देण्यापेक्षा ह्या वाडीवाल्यांच्या घरात जावा.

जाण्याचं म्हणाल तर नांदेडहून पनवेलला जी गाडी जाते ती परभणी, परळी, लातूर करत जाते, तिनं रात्रीतून जायचं आणि सकाळी पनवेलला उतरायचं. तिथून एस्टीनं पेण, वडखळ करत अलिबाग आणि अलिबागहून मुरूड. अलिबाग ते मुरूड साधारण ५० किलोमीटर, पण रस्ता वळणाचा आणि समुद्राच्या कडेकडेनं आहे, त्यामुळं वेळ धरून चला. एस्टीत ७५ वर्षांपुढच्यांना तिकीट लागत नाही आणि बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे सासूबाई फुकट आणि तुम्ही अर्ध्यात, फक्त त्यांचं आधार कार्ड वर ठेवा, पिशवीच्या तळाशी नको. शनिवार-रविवार टाळा, वडखळला मुंबईच्या गाड्यांची जी रांग लागते तिच्यात तास-तास जातो. सोमवारी पोचून बुधवारी निघालात तर तेच गाव तुम्हाला शांत मिळेल.

आता जंजिरा. राजपुरी गाव मुरूडपासून चार-पाच किलोमीटरवर आहे, तिथून शिडाच्या होड्या निघतात. होडी किल्ल्याच्या दरवाज्यापाशी लागते आणि पाण्यातूनच वर आलेल्या पायऱ्यांवर चढायचं असतं, होडी हलत असते, पायरी ओली असते. होडीवाले हात धरून घेतात, त्यांना सवय आहे, तरी सासूबाईंच्या गुडघ्यांचा त्रास असेल तर आग्रह करू नका, त्यांना राजपुरीच्या किनाऱ्यावरून किल्ला पूर्ण दिसतो. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला होड्या थांबतात तेही लक्षात असू द्या.

आणि एक गोष्ट आपल्याला माहीतच नसते ती म्हणजे भरती-ओहोटी. कोकणात एक साधा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. म्हणजे चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, दुपारी तीनच्या सुमाराला आणि पुन्हा रात्री तीनच्या पुढं भरती, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी असतेच, तर निघायच्या आधीच हे काढून ठेवा. थोडं पुढंमागं होतं पण दिवसाची आखणी करायला पुरतं. किल्ल्याला भरतीच्या आसपास गेलं तर खालच्या शेवाळलेल्या पायऱ्या पाण्याखाली असतात, चढायला सोपं पडतं.

आम्ही बीडची सहा-सात मित्रं बाइकवर निघालोत. आमच्यातले चार जण विहिरीत पट्टीचे पोहणारे आहेत. मुरूडच्या बीचवर लांब पोहायला जमेल ना?

नाही. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका. विहिरीतलं पाणी जागेवर असतं, समुद्राचं पाणी माणसाला धरून आत नेतं, आणि ओहोटी लागली की चांगला पोहणाराही उलटं येऊ शकत नाही. फेब्रुवारी २०१६ ला ह्याच मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका कॉलेजची १४ मुलं सहलीला आलेली असताना बुडून गेली. कोळीवाड्यातला कुणी म्हणाला की आता पाण्यात नको, तर त्याच्याशी वाद न घालता बाहेर या. दारू पिऊन तर पाण्याजवळसुद्धा जायचं नाही. तुमच्या घरी वाट बघणारे आहेत.

मी परंड्याचा शिक्षक. शाळेची सहल जंजिऱ्याला न्यायचं म्हणतोय. काही पालक म्हणायलेत, जो किल्ला महाराजांना मिळालाच नाही तो पोरांना दाखवून काय करायचं, त्यापेक्षा रायगड दाखवा. त्यांना काय सांगावं?

सर, रायगड दाखवाच, त्यात दुमत नाही. पण जंजिरा परंड्याच्या पोरांनी बघितला पाहिजे असं मला फार वाटतं, कारण त्याची गोष्ट तुमच्या गावातून जाते.

मुळात त्या खडकावर कोळ्यांनी लाकडी मेढेकोट बांधलेला होता, राम पाटील त्यांचा प्रमुख. निजामशाहीच्या माणसांनी तो घेतला आणि पुढं दगडी किल्ला झाला, आणि तिथले कारभारी होते हबशी, म्हणजे आफ्रिकेतून आलेले सिद्दी. आता हीच निजामशाही १६०० ला अहमदनगर पडल्यावर कुठं आली? परंड्याला. मलिक अंबरनं तुमच्याच किल्ल्यातून ती पुन्हा उभी केली. तोही हबशीच, इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि त्यानंच १६१० ला खडकी वसवली, जिचं पुढं औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झालं. भडकल दरवाजा त्याचा, पाण्याची नहर त्याची, खुलताबादला कबर त्याची. म्हणजे समुद्रातला सिद्दी आणि आपल्या मातीतला मलिक अंबर एकाच दरबारचे. पोरांना आधी परंड्याच्या बुरुजावर उभं करून एवढं सांगा आणि मग जंजिऱ्याला न्या, बघा त्यांचे प्रश्न कसे बदलतात.

तोफांचंही तसंच. विजापूरची मुलुख-ए-मैदान तोफ आधी परंड्यालाच होती, १६३२ ला तिकडं नेली. जंजिऱ्यावर कलाल बांगडी आहे, तिच्या तोंडापाशी उभं राहिलं की समोरचा किनारा टप्प्यात कसा होता ते पोरांना आपोआप कळतं.

राहिला प्रश्न न मिळाल्याचा. सर, न मिळाल्यावर महाराजांनी काय केलं हे शिकवण्यासारखं आहे. किल्ल्याच्या तटाखाली उतरायला कोरडी जागाच नाही, भिंत सरळ पाण्यातून वर येते, आणि दरवाजा असा आडवळणी केलाय की होडी अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. आत गोड्या पाण्याचे दोन तलाव, म्हणजे वेढा कितीही लांबला तरी तहानेनं शरण येणार नाहीत. आपल्याकडं नळदुर्गला आणि कंधारला पाण्याचं संरक्षण आहे पण ते माणसानं आणलेलं पाणी, इथं चारी बाजूंनी अथांग. तर महाराजांनी समोरच कासा बेटावर पद्मदुर्ग बांधायला घेतला, सिद्दीच्या डोळ्यासमोर, त्याच्या तोफांच्या धाकात. मुरूडच्या किनाऱ्यावरून तो दिसतो आणि त्याच्या एका बुरुजाला कमळाच्या पाकळ्या आहेत. कोळ्यांतल्या लाय पाटलानं रात्रीतून जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या होत्या, मागून कुमक वेळेवर आली नाही म्हणून परतावं लागलं, तरी महाराजांनी त्याचा सन्मान केला अशी हकीकत सांगतात, आणि तो सन्मान पालखी नावाची होडी देऊन केला, कारण कोळी माणूस पालखी घेऊन काय करणार. १६८२ ला संभाजी महाराजांनी तर खाडीत दगडांचा भराव टाकून वाट करायला घेतली, पण तिकडं मोगलांची फौज कोकणात उतरली आणि ते काम सोडून जावं लागलं. एवढी जिद्द एका किल्ल्यासाठी. पालकांना हेच सांगा.

आणि शेवट पण सांगा. जंजिरा संस्थान भारतात आलं ते १९४८ ला, त्यासाठी नानासाहेब पुरोहित, मोहन धारिया ह्यांच्यासारखी माणसं लढली. आणि आपला मराठवाडा हैदराबादच्या निजामाकडून सुटला तो पण १९४८ ला, १७ सप्टेंबरला. दोन्हीकडच्या लोकांना १५ ऑगस्ट १९४७ नंतरही थांबावं लागलं होतं. हे मराठवाड्यातल्या पोराला जेवढं समजेल तेवढं दुसऱ्या कुणाला समजणार नाही.

राजपुरीजवळ खोकरीला सिद्द्यांच्या कबरींचे तीन मोठे दगडी घुमट आहेत, बस तिथं नक्की थांबवा, कुणी थांबत नाही. मुरूडचा नवाबाचा राजवाडा मात्र खाजगी आहे, आत सोडत नाहीत, रस्त्यावरून बघायचा. शालेय सहलीला एस्टीची ५० टक्के सवलत मिळते, अर्ज वेळेत टाका. होडीत एका वेळी किती पोरं बसवायची हे होडीवाल्यानं नाही, तुम्ही ठरवा, आणि लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय एकही पोरगं होडीत चढू देऊ नका.

जालन्याहून विचारतोय. आमच्या दुकानाला जून-जुलैमधेच सुट्टी जमते. तेव्हा गेलो तर?

तेव्हा जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, समुद्र खवळलेला असतो. गेटवे ते मांडवा लाँच पण पावसाळ्यात बंद. नुसता पाऊस आणि हिरवं डोंगर बघायचे असतील तर खुशाल जा, किल्ला नाही होणार. होळीच्या आधी चार दिवस काढता आले तर बघा.

लातूरचे आहोत. आम्हा दोघांना चालायची आवड आहे, रोज सकाळी सहा-सात किलोमीटर होतं. मुरूडजवळ जंगल आहे म्हणतात, तिथं नुसतं पायी फिरता येतं का? मुलगी दहा वर्षांची आहे, भीती तर नाही ना?

हा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण मुरूडला जाणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांना फणसाड माहीतच नसतं. आधी हे रान जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं होतं, १९८६ ला अभयारण्य झालं. सुपेगावच्या बाजूनं आत जायचं असतं, तिथं वन विभागाचं नाकं आहे, नोंद करायची, फी भरायची आणि गावातला वाटाड्या सोबत घ्यायचा. वाटाड्या घ्याच, त्याच्याशिवाय तुम्हाला फक्त झाडं दिसतील.

आपण येडशी-रामलिंगला किंवा गौताळ्याला जातो ते रान पानगळीचं, फेब्रुवारीपासून सगळं उघडं होतं, लांबपर्यंत दिसतं. फणसाड तसं नाही. डिसेंबरात सुद्धा आत गेलं की ऊन खाली येत नाही, अंजन, ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा अशी दाटी, आणि त्यातून गारंबीचे वेल, मांडीएवढे जाड, ह्या झाडावरून त्या झाडावर गेलेले. त्याच्या शेंगा हात-दोन हात लांब असतात, मुलीला एक तरी पडलेली शेंग बघायला मिळू द्या, पण उचलून आणायची नाही, अभयारण्यातलं काहीच आणायचं नसतं.

शेकरू दिसायची शक्यता चांगली आहे. आपला राज्यप्राणी आहे पण आपल्याकडच्या माणसानं तो पुस्तकातच बघितलेला असतो. खाली शोधू नका, मान वर करून हळू चाला, फांदीवरून फांदीवर उडी मारताना पानं हलतात, आणि उंचावर काटक्यांची मोठी मोठी घरटी दिसतात ती त्याचीच. भेकर आहे, ते चक्क भुंकतं, मुलगी घाबरली तर सांगा की हरीणच आहे. पिसोरी म्हणून अगदी चिमुकलं हरीण आहे, ते रात्रीचं फिरतं, दिसलं तर नशीब. बिबट्या आहे, पण दिवसा तीन-चार माणसं बोलत चालली की तो वाटेला येत नाही. खरी काळजी सापाची, फुरसं असतं आणि ते पानांत दिसत नाही, म्हणून चप्पल-सँडल अजिबात नको, बूट आणि पूर्ण पँट, आणि वाट सोडून पाय टाकायचा नाही.

ह्या रानात पाणवठ्यांना गाण म्हणतात, फणसाड गाण, चिखलगाण अशी नावं आहेत. सकाळी लवकर गाणीजवळ जाऊन अर्धा तास मुकाट्यानं बसायचं, फोन बंद करून. फिरण्याचा सगळ्यात चांगला भाग तोच आहे असं माझं मत आहे, आणि दहा वर्षांचं लेकरू पण बसतं हो, आपणच उगाच धरून चालतो की लेकरांना धीर नसतो.

अजून एक, गिधाडं. तुम्हाला आठवत असेल, मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की किती उतरायची. जनावरांना टोचायच्या डायक्लोफेनॅक औषधामुळं ती मेली, मेलेल्या जनावराच्या मांसातून ते औषध त्यांच्या पोटात जायचं आणि मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ ला जनावरांसाठी ते औषध बंद केलं पण तोवर आपल्याकडचं आभाळ रिकामं झालं होतं. फणसाडच्या बाजूला पांढऱ्या पाठीची गिधाडं टिकून राहिली, वन विभाग त्यांच्यासाठी मेलेली जनावरं ठेवत आलाय. वाटाड्याला विचारा, दिसली तर मुलीला सांगा की आजीच्या लहानपणी ही आपल्या शिवारात पण होती.

तुम्हाला रोज सात किलोमीटरची सवय आहे, तरी तिथं पाच धरा. डिसेंबरात सुद्धा कोकणातली हवा दमट असते, आपली कोरडी थंडी नाही, घाम वाळतच नाही. माणशी दोन लिटर पाणी न्या आणि प्लास्टिकची बाटली परत आणा.

आई माळकरी आहे. मटण-मासे तर सोडाच, ज्या भांड्यात शिजवलं त्यातलं पण ती खात नाही. आम्ही नांदेडहून जाणार. तिकडं तिच्या जेवणाचं कसं होईल?

होईल, पण आधी फोन करून सांगावं लागेल. ज्या घरात उतरणार आहात त्यांना आदल्या दिवशी सांगा की आई माळकरी आहेत, भांडी वेगळी लागतील. कोकणातल्या घरांना ह्यात नवीन काही नाही, तिथं पण वारकरी आहेत, संकष्टी-सोमवार पाळणारे आहेत. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, भात, नारळ घातलेली भाजी, एवढं निवांत मिळतं. सोलकढीत लसूण असतो, आई खात नसतील तर तेही सांगून ठेवा. ज्वारीची भाकरी मात्र मिळायची नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला चार दिवस भातावर जमत नाही, तर किलो-दोन किलो पीठ आणि शेंगदाण्याची चटणी सोबत घ्या, घरच्या बाईला म्हणलं तर ती भाजून देते, नाहीतर चूल मागून घ्या.

थंडीत गेलात तर पोपटी जरूर खा. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, मीठ, ओवा, मडक्याचं तोंड पाल्यानं बंद करून उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. आपला हुरडा जसा शेतात दहा जणांनी मिळून भाजायचा तशीच ही शेताच्या बांधावरची गोष्ट आहे. बऱ्याच ठिकाणी त्यात कोंबडी, अंडी घालतात, तर आईसाठी नव्या मडक्यात नुसत्या शेंगांची लावा असं सांगा, आनंदानं लावतात. आणि आईला देवदर्शन हवं असेल तर मुरूडच्या अलीकडं नांदगावचा सिद्धिविनायक आहे, गाव पण लई सुंदर आहे.

उदगीरहून. आमच्या ऑफिसातला एकजण म्हणाला की अलिबाग-मुरूड रस्त्यावर एक गाव आहे तिथं लोक घरात पोर्तुगीज बोलतात. हे खरं आहे का, आणि असेल तर तिथं थांबावं का?

खरं आहे, गावाचं नाव कोर्लई. रेवदंड्याचा पूल ओलांडला की पुढं लागतं. समुद्रात घुसलेल्या लांबट डोंगरावर किल्ला, पायथ्याला दीपगृह आणि खाली गाव. हा किल्ला पण निजामशाहनंच बांधायला काढलेला, समोरच्या चौल-रेवदंड्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला, आणि १५९४ ला पोर्तुगीजांनी तो जिंकून घेतला. १७४० ला ते इथून गेले, मराठ्यांकडं हा मुलुख आला, पण गावातल्या ख्रिस्ती कुटुंबांनी पोर्तुगीज-मराठी मिसळून झालेली आपली बोली सोडली नाही. साधारण हजारभर माणसं अजून ती बोलतात, आणि तीच माणसं तुमच्याशी आपल्यासारखं मराठी बोलतील. एवढ्या पिढ्या, शाळा मराठी, बाजार मराठी, तरी घरातली बोली राखली ह्याचं मला फार मोल वाटतं.

उदगीरच्या माणसानं तर तिथं थांबावंच. अफनासी निकितीन म्हणून एक रशियन व्यापारी १५व्या शतकात होर्मुझहून एक घोडा घेऊन जहाजानं आला तो ह्याच चौलला उतरला, तिथून जुन्नर आणि तिथून बीदर, बहमनींची राजधानी, तुमच्या शेजारचंच गाव. घोडा त्यानं बीदरला विकला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. आणि त्याच्याही आधी, दीड-दोन हजार वर्षांपूर्वी, आपल्या तेरचा आणि पैठणचा माल घाट उतरून पश्चिमेच्या बंदरांना जायचा, चौलचं नाव ग्रीकांच्या जुन्या नोंदीत आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा ठेवल्यात, बघितलं नसेल तर कोर्लईच्या आधी ते बघा, धाराशिवपासून जवळच आहे.

किल्ला चढायला सोपा आहे, दीपगृहाच्या बाजूनं पायऱ्या आहेत, अर्ध्या तासात वर. सकाळी नऊच्या आत चढा, नंतर दगड तापतात आणि वर सावली नाही. गावात उतरल्यावर मासळी वाळत घातलेली असते तिच्यावरून गाडी नेऊ नका, आणि कुणाला पकडून 'जरा पोर्तुगीज बोलून दाखवा' म्हणत व्हिडिओ काढू नका. दुकानात चहा घ्या, बसा, उदगीरहून आलो म्हणून सांगा, गप्पा निघाल्या की एखादी म्हातारी आपणहून दोन वाक्यं म्हणून दाखवते. रविवारी चर्चमधे प्रार्थना चालू असेल तर संपेपर्यंत बाहेर थांबा, मग विचारून आत जा.